घरचा संगणक : आधी जुन्या कॅसेटी, मग नवे स्पीकर



दापोडीच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलाच्या कॉलेजसाठी त्यांनी वापरलेला संगणक घेतला, त्याचे हप्ते परवाच फिटले. आता मुलगा म्हणतो, संगणकाला मोठे स्पीकर पाहिजेत, घरात धमक आली पाहिजे. सासूबाईंचे म्हणणे वेगळे आहे. सासरे गायन पार्टीत पेटी वाजवून गात असत. त्यांच्या कार्यक्रमांच्या अकरा कॅसेटी कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यात पडून आहेत. त्या आधी ऐकवा, मग काय घ्यायचे ते घ्या, असे त्या म्हणतात. ताईंच्या हाती आहेत दोन हजार रुपये. तेव्हा कोणाचे ऐकावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, सासूबाईंचे ऐका. मुलालाही नाराज करावे लागणार नाही, कारण सॉफ्टवेअरसाठी एक पैसाही खर्च होणार नाही. पैसे लागतील ते वायरीला आणि स्पीकरला.

घाई का करायची?

फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट बाजारात आणली. आपल्याकडे ती घरोघर पोहोचली ती १९८० नंतर. त्याआधी आपली गाणी जलशात, सभेत आणि हाताने लिहिलेल्या वहीत होती. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) गावोगाव फिरून गाणी लिहिली आणि गायली. कॅसेट आली तसा प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचा आवाज दहा बाय दहाच्या खोलीतही घुमू लागला. या मोठ्या गायकांची पुष्कळ गाणी आज मोबाईलवरही मिळतात. परंतु बोपोडी, ताडीवाला रोड, येरवडा, मंगळवार पेठ इथल्या वस्त्यांतून रात्र-रात्र गाणाऱ्या पार्ट्यांचे काय? त्यांचे रेकॉर्डिंग कोणी तरी स्टेजजवळ टेपरेकॉर्डर ठेवून केलेले असते आणि त्याची प्रत जगात एकच असते. ती गेली की तो आवाज गेला.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. माझ्या वडिलांच्या आवाजाच्या दोन कॅसेटी होत्या. बरीच वर्षे बंद पडलेला टेपरेकॉर्डर मी साफ न करता सुरू केला आणि त्यात थेट पहिली कॅसेट घातली. रबरी चाक चिकट झालेले होते, त्याने फीत आत ओढून चुरगाळून टाकली. चूक सर्वस्वी माझी. आईने तो गुंता अजून एका पाकिटात ठेवला आहे. दुसरी कॅसेट वाचली, कारण ती घालण्यापूर्वी मी शहाणा झालो होतो. ते शहाणपण आपणास फुकट मिळावे म्हणून हा लेख.

कॅसेट हाताळताना

प्रथम टेपरेकॉर्डरचे हेड, त्याशेजारची धातूची दांडी आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडविलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि वाळू द्या. मग ज्या कॅसेटचे दुःख नाही अशी एखादी फिल्मी गाण्यांची कॅसेट लावून पाहा. आवाज संथ, ओढल्यासारखा येत असेल तर आतला पट्टा सैल झाला आहे. तो जुने टेप दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून बदलून घ्या.

घरच्या कॅसेटच्या मागच्या कडेला दोन्ही कोपऱ्यांत प्लास्टिकच्या लहान पाकळ्या असतात. त्या मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले तरी जुना आवाज पुसला जाणार नाही. फीत एकदा पूर्ण पुढे व पूर्ण मागे फिरवून घ्या. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लावूच नका. तिची बुरशी हेडला लागते आणि मग पुढच्या कॅसेटीही खराब होतात.

सॉफ्टवेअर कोणते?

दोन पुरतात. रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी आणि ऐकण्यासाठी व्हीएलसी. ऑडॅसिटी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झाले आणि २००० साली लोकांसमोर आले. व्हीएलसीची सुरुवात पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ साली केली. दोन्ही मोफत आहेत आणि दोन्ही विंडोजवर तसेच लिनक्सवर चालतात. विंडोज १० ला कंपनीचा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. तेव्हा जुन्या संगणकावर लिनक्स घालून घेतले असेल तरी अडचण नाही. मात्र सॉफ्टवेअर मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या. चोरीच्या महागड्या सॉफ्टवेअरची सीडी किंवा पेन ड्राइव्ह कोणी 'फ्री' म्हणून देऊ लागला तर घेऊ नका. त्याबरोबर व्हायरस येतो आणि मुलाचा प्रोजेक्टही त्यात बुडतो.

आता जोडणी. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून दोन्ही टोकांना साडेतीन मिलिमीटरची पिन असलेली वायर काढून संगणकाच्या मागे निळ्या छिद्रात घाला. निळे म्हणजे लाइन-इन. गुलाबी छिद्र माइकचे असते. माइकचा आवाज फार बारीक असतो म्हणून संगणक तो वाढवून घेतो. तिथे टेपरेकॉर्डर जोडला तर आवाज फाटतो. लॅपटॉपला निळे छिद्र बहुधा नसते. त्यासाठी लाइन-इन असलेले छोटे यूएसबी साउंड कार्ड घ्यावे लागेल. घेताना 'लाइन-इन आहे का, स्टिरिओ आहे का' हे विचारून घ्या.

ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग सुरू केले की वर आवाजाची पट्टी हलताना दिसते. तिचा सर्वात उंच झटका उणे सहाच्या आसपास राहावा. पट्टी शून्याला टेकून लाल झाली की तेवढा आवाज फाटला आणि फाटलेला आवाज नंतर नीट शिवता येत नाही. म्हणून टेपचा आवाज आधी कमी ठेवा. साठ मिनिटांची कॅसेट भरायला साठ मिनिटेच लागतात, त्याला जवळचा रस्ता नाही. रविवारी दुपारी एक कॅसेट, असा नेम केला तर ताईंच्या अकरा कॅसेटी तीन महिन्यांच्या आत होतात.

पहिली प्रत वेव्ह या प्रकारात साठवा. तिला मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते, म्हणजे एका कॅसेटला ६०० एमबी. ती प्रत मूळ समजून तिला हात लावू नका. दुसऱ्या प्रतीवर काम करा. गाणे सुरू होण्यापूर्वीची नुसती खरखर दोन-तीन सेकंद निवडून सॉफ्टवेअरला ओळखू द्या आणि मग सगळीकडची खरखर थोडी कमी करा. 'थोडी' हा शब्द महत्त्वाचा. फार साफ करायला गेलात तर गायक पाण्याखालून गातो आहे असे वाटते. शेवटी वाटण्यासाठी एमपीथ्री बनवा. १२८ च्या दर्जाने ती मिनिटाला एक एमबीच्या आत बसते. मूळ प्रती दोन ठिकाणी ठेवा. एक आपल्या घरी, एक बहिणीच्या किंवा भावाच्या घरी.

स्पीकर घेताना

आता मुलाच्या धमकीकडे वळू. मीही एकदा खोक्यावर 'हजार वॅट' वाचून स्पीकरची जोडी घेतली होती. ती यूएसबीच्या वायरीवर चालत होती. जुन्या, साध्या यूएसबी छिद्रातून नियमाप्रमाणे ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे अडीच वॅट. जिथे अडीच वॅट वीज आत जाते तिथून हजार वॅट आवाज बाहेर कसा यावा? खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला तो आकडा पीएमपीओचा होता. पीएमपीओ मोजण्याची कोणतीही ठरलेली रीत नाही, छापणाऱ्याला वाटेल तो आकडा छापता येतो. आपण पाहायचे ते आरएमएस. तो आकडा बहुधा बारीक अक्षरात, खोक्याच्या मागे असतो. दहा बाय बाराच्या खोलीला दोन्ही स्पीकर मिळून दहा वॅट आरएमएस पुरून उरतात.

दुसरा प्रश्न, दोन स्पीकरची साधी जोडी घ्यावी की वूफरचा तिसरा डबा असलेली टू-पॉइंट-वन? मुलाला टू-पॉइंट-वन हवी असणार. ती वाईट नाही. पण वूफर कोपऱ्यात ठेवला की त्याचा घुमारा वाढतो, पत्र्याचे छत थरथरते आणि गाण्याचे शब्द त्यात बुडतात. आपल्या गाण्यात शब्द बुडाले तर उरले काय? ढोलकीने माणूस जागेवर बसतो, पण घरी घेऊन जातो ते शब्दच. टू-पॉइंट-वन घेतलीच तर बेसचे बटण वेगळे आहे याची खात्री करून घ्या आणि वूफर कोपऱ्यापासून दूर ठेवा. छोटे स्पीकर टेबलावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला असावेत.

खरेदीला बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत जा, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. सासऱ्यांच्या कॅसेटमधून भरलेले एक गाणे मोबाईलमध्ये घेऊन जा आणि सासूबाईंना बरोबर न्या. दुकानदार स्वतःचे गाणे लावील तर ते धमकीचेच असेल. आपण आपले गाणे लावायला सांगा. बारीक आवाजात शब्द कळतात का? तीन चतुर्थांश आवाजात डबा खुळखुळतो का? गाणे थांबविले की गुणगुण ऐकू येते का? या तीन परीक्षांत जो उतरेल तो घ्या, मग नाव कोणतेही असो. पक्के बिल आणि वॉरंटीचे कार्ड मागायला संकोच करू नका, तो आपला हक्क आहे. तक्रार ऐकली गेली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

शेजारी कोणाची दहावी-बारावी असेल तर त्या दिवसांत हेडफोन लावावा. आपल्या वस्तीतले एक मूल शिकते आहे, एवढे भान ठेवायला वॅट लागत नाहीत.

मुलासाठी दोन शब्द

बाळा, ऑडॅसिटीत एकावर एक आवाज चढविता येतो. आधी ढोलकी भरायची, तीच ऐकत वर आपला आवाज भरायचा. स्वतःची चाल बांधायची असेल तर एलएमएमएस हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात तबल्यासारखे ठेकेही रचता येतात. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकले. सेनापती बापट रस्त्यावरील सिम्बायोसिसच्या डॉ. आंबेडकर संग्रहालयात ते व्हायोलिन ठेवले आहे, एकदा पाहून ये. आजोबांच्या गाण्याखाली तुझी ढोलकी बसते का, तेही करून पाहा. घरात ऐकायला कोणी हरकत घेणार नाही. परंतु बाजारात विकायचे असेल तर ज्याचे शब्द आणि ज्याचा आवाज, त्याची किंवा त्याच्या वारसांची परवानगी घ्यावी लागते. कवी-गायकांना आधीच फार थोडे मिळाले आहे.

आणि ताई, एक काम संगणकाशिवायचे आहे. कॅसेट भरली जात असताना सासूबाईंना शेजारी बसवा आणि वही उघडा. कोरसला कोण होते, ढोलकी कोणाची, कार्यक्रम कोणत्या वस्तीत झाला, साल कोणते, हे त्या सांगतील तसे लिहा आणि तेच फाइलला नाव द्या. माझ्या वडिलांच्या वाचलेल्या कॅसेटमध्ये मागून एक बाईचा आवाज साथ देतो. आईला विचारले तर ती म्हणाली, "मीच ती." पंचवीस वर्षे ती कॅसेट घरात होती आणि आम्हांला ठाऊक नव्हते.

आपल्या घरी अशा कॅसेटी असतील तर या आठवड्यात डबा खाली काढा. अडचण आल्यास या सदराच्या पत्त्यावर जरूर लिहा. जयभीम!