ताट पोचले, माणसाचे काय?

समाजकार्य शिकणारी मुले-मुली क्षेत्रकार्यासाठी गावात येतात, तेव्हा बहुधा त्यांच्या हाती एक वही दिली जाते. आज किती ताटे वाढली, हे तिच्यात लिहायचे असते. शिरूर आणि दौंड तालुक्यांत वृद्धांच्या जेवणाच्या कामात या मुलांसोबत फिरताना आमचे एक मत पक्के झाले आहे. त्या वहीत आणखी एक रकाना हवा : आज कोण जेवले नाही, आणि का?

इकडची तरणी माणसे सकाळीच रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत जातात, दौंडची कित्येक रेल्वेने पुण्याला जातात. घरात उरतात म्हातारा-म्हातारी. आयुष्यभर दुसऱ्याच्या उसात खुरपणी केलेल्या या माणसांना ना फंड, ना पेन्शन. सकाळची भाकरी दुपारपर्यंत वाळते. दात नसतात, मग ती चहात बुडवून खायची. आणि घरचे सांगतात, ‘आईला आता भूकच लागत नाही.’

नर्सिंग केलेल्या आम्हाला या वाक्याची भीती वाटते. भूक मंदावली की ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. सहा महिने ते वर्षभरात कारण नसताना वजन शेकडा ५ ने घटले, म्हणजे ५० किलोचे माणूस साडेसत्तेचाळीसवर आले, तर तपासणी हवीच. मागे क्षय असेल, मधुमेह असेल, तोंडातली जखम असेल किंवा मनाची उदासी असेल. मधुमेहाच्या काही गोळ्या तर अशा असतात की गोळी घेतली आणि जेवण चुकले, तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागते. शेजारी म्हणतात, ‘चक्कर आली.’ माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्यावे आणि दवाखाना गाठावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये.

शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. कोरोनाच्या काळात ती ५ रुपयांना आणि पुढे काही काळ मोफतही मिळाली. तिने अनेकांची भूक भागवली, हे आम्ही मानतो. पण थाळीसाठी केंद्रापर्यंत चालत जावे लागते. गुडघे धरलेली आजी कोणत्याच केंद्राच्या हिशेबात येत नाही. अमेरिकेने १९७२ मध्ये वृद्धांच्या जेवणाचा कार्यक्रम कायद्यात आणला. तिथे घरी डबा घेऊन जाणारा माणूस दारातून विचारपूसही करतो. आपल्याकडे हे काम या विद्यार्थ्यांनी करावे.

पैशाचेही पाहू. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधारांना २०२३ पासून महिना १,५०० रुपये ठरले, म्हणजे दिवसाला ५०. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. हयातीचा दाखला, आधार, बँकेचे खाते यांत एक अक्षर चुकले की पैसे अडकतात. रेशनच्या मशीनवर झिजलेली बोटे उमटत नाहीत. विद्यार्थ्याने एका आजोबांसोबत तहसीलची एक खेप केली, तर शंभर ताटांच्या फोटोंपेक्षा ते काम मोठे आहे.

फोटोंचेही बोललेच पाहिजे. वाढदिवसाचा बॅनर लावून, ताट हातात देताना म्हातारीला कॅमेऱ्याकडे बघायला लावणे आम्हाला मान्य नाही. ताट कुणाच्या स्वयंपाकघरातून येते, ते कुणाच्या ओट्यावर बसून खायचे, कुणाला वेगळे बसवतात, हे आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना सांगावे लागत नाही. अपमानाच्या पंगतीपेक्षा त्यांनी उपास पत्करलेला आम्ही पाहिला आहे. म्हणून जेवण विहारात शिजावे, सर्व जातींच्या वृद्धांसाठी शिजावे, आणि सगळ्यांनी एकाच पंगतीत बसावे.

महाविद्यालयांना आमचे सांगणे आहे. वर्ष संपले की विद्यार्थी जातो आणि त्याच्या तोंडाकडे बघून दोन घास खाणारी आजी मागे राहते. पहिल्याच महिन्यात गावातली आशाताई आणि बचत गटातली एक बाई त्याच्या जोडीला द्या. जाताना त्याने वही त्यांच्या हाती सोपवावी. महिन्याला एकदा वजन, गोळ्यांची वेळ, अडकलेले कागद, न आलेल्यांची नावे, एवढे त्या वहीत असले तरी पुरे.

आणि वाचकहो, विद्यार्थी येण्याची वाट कशाला पाहायची? विहारात वजनकाटा ठेवा. येत्या पौर्णिमेला वंदना झाली की आपल्या गल्लीतले कोण आले नाही ते पाहा, आणि त्यांच्या घरी जाऊन चूल पेटली का ते विचारा.