नोट्स आहेत, पण वाचणार कोण?

आमच्या आपांची मोठी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. रोज रात्री जेवणं आटोपली की धाकटी बहीण मोबाईल घेऊन बसायची आणि कॉलेजच्या नोट्स मोठ्यानं वाचायची. ही ऐकून लक्षात ठेवायची. यंदा धाकटीचा निकाह ठरला. घरात आनंदीआनंद, ही मात्र गप्प. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "खाला, ती सासरी गेली की मला वाचून कोण दाखवणार?"

खरं तर तिचा फोन बोलतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतं, ते पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं. संगणकासाठी एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, तेही मराठी वाचतं. मग अडलं कुठे? मी तिच्या फाइली उघडून बसले, तेव्हा कळलं.

निम्म्या नोट्स म्हणजे छापील पानांचे फोटो होते. आपल्याला त्यात अक्षरं दिसतात, पण फोनच्या लेखी ते नुसतं चित्र. काही फाइली टाइप केलेल्या होत्या, पण जुन्या फाँटमध्ये. अशा फाँटमध्ये वरून मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. फोन तीच वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही. अर्थशास्त्राच्या धड्यात तर "खालील आकृती पाहा" एवढंच होतं. आकृतीत काय आहे, याचा एक शब्द नाही.

आपा आणि मी तिला घेऊन सरांना भेटलो. मनात धाकधूक होती. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, टाइप केलेली मूळ फाइल माझ्याकडे आहे की! मी प्रिंट काढून, स्कॅन करून पाठवत होतो." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि आपण दोन वर्षं संकोचात घालवली.

म्हणून पालकांना सांगते, प्रवेशाच्या वेळीच लेखी अर्ज द्या. नोट्स युनिकोडमध्ये टाइप केलेल्या हव्यात, आकृतीखाली दोन ओळींत वर्णन हवं, ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी व्हिडिओवर लिखित मजकूर हवा, असं स्पष्ट लिहा. ही मेहेरबानी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेनं विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची असते. पुस्तकांचंही तसंच. कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तकाचं रूप बदललं, तर तो कॉपीराइटचा भंग ठरत नाही. 2016 साली सुरू झालेलं 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही अशाच वाचकांसाठी आहे.

आपल्या वाचकांमध्ये शिक्षक-शिक्षिकाही बऱ्याच आहेत. त्यांनी फाइल पाठवण्याआधी एकच करून पाहावं. त्यातल्या एका शब्दावर बोट दाबून ठेवावं. तो शब्द निवडता आला नाही, तर बहुधा ते चित्र आहे. निवडता आला, तर तो कॉपी करून व्हॉट्सअॅपवर चिकटवावा. भलतीच अक्षरं उमटली, तर फाँट जुना आहे. जुन्या फाँटचं युनिकोड करून देणारी साधनं मिळतात. मात्र त्यानंतर एकदा नजर फिरवावी, कारण जोडाक्षरं बिघडतात.

निकाह पार पडला. आता आमची भाची कानात इअरफोन घालून, आपल्या वेगानं, हवं तिथं थांबत नोट्स ऐकते. धाकटीचा रात्री अजून फोन येतो. पण आता तो अभ्यासासाठी नसतो, गप्पांसाठी असतो.