टिक आधीच केलेली

सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना कोपऱ्यात एक चौकोन असतो, टिक आधीच केलेली. आपण आपले नेक्स्ट, नेक्स्ट करत सुटतो. अमेरिकेत २००३ ते २००६ मध्ये हेच जखमी माणसांच्या बाबतीत झालं, आणि मला ते अजिबात पटत नाही.

औषधाचं नाव पॉलीहीम. आयडिया झकास होती हं! लाल पेशीतलं हिमोग्लोबिन काढून मिठाच्या पाण्यात विरघळवलं तरी ते ऑक्सिजन उचलतं आणि सोडतं. म्हणजे रक्तगट जुळवायची भानगडच नको. पण पेशीबाहेर त्याचे रेणू तुटतात आणि तुकडे मूत्रपिंडाला बाधतात. शिवाय रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड ते गिळून टाकतं, मग वाहिन्या आवळतात. म्हणून ग्लुटाराल्डिहाइडने रेणू एकमेकांना जोडले आणि त्यांचं पॉलिमर केलं.

चाचणी झाली २९ ट्रॉमा सेंटर्समध्ये, सातशेहून जास्त जखमींवर, त्यांची संमती न घेता. बेशुद्ध माणूस सही कुठून करणार? १९९६ च्या नियमात तशी सूट होती. ॲम्ब्युलन्समध्ये रक्त नसतं, तिथे सलाइनऐवजी पॉलीहीम दिलं तर मीही मान डोलावीन. पण हॉस्पिटलात पोचल्यावर, रक्ताच्या पिशव्या हाताशी असताना, आणखी १२ तासांपर्यंत पॉलीहीमच? कशासाठी?

नको असेल त्याने म्हणे तसं लिहिलेला पट्टा मनगटावर घालून फिरायचं. अपघात होईल म्हणून पट्टा घालून ऑफिसला कोण जातं हो?

३० दिवसांत पॉलीहीमच्या गटात १३.४ टक्के दगावले, दुसऱ्या गटात ९.६. एवढ्या आकड्यांवरून खात्रीने काही म्हणता येत नाही, मान्य. पण २००८ मध्ये अशा पाच कृत्रिम रक्तांच्या १६ चाचण्या (३,७११ रुग्ण) एकत्र मांडल्या गेल्या. मृत्यूचा धोका ३० टक्के जास्त, हार्ट अटॅकचा जवळजवळ तिप्पट. २००९ मध्ये एफडीएने परवानगी नाकारली, कंपनी बुडाली.

मला खुपतं ते वेगळंच. त्याच विश्लेषणानुसार धोक्याची खूण २००० सालापर्यंतच्या आकड्यांतही दिसत होती. फक्त ते आकडे वेगवेगळ्या कंपन्यांच्या कपाटांत होते आणि बरेचसे वेळेवर छापलेच गेले नव्हते.