श्रेय सुईचे की बाईचे?

अर्धांगाच्या झटक्यातून माणूस वाचला, हात हलू लागला, जीभ वळू लागली, की घरची मंडळी देवापुढे साखर ठेवतात. पुढे पंधरा-वीस दिवसांनी ध्यानात येते, की माणूस घरी आला खरा, पण त्याच्या डोक्यातले बरेचसे सामान अजून यायचेच आहे. सकाळी घेतलेली गोळी तो दुपारी पुन्हा मागतो. नवे काही शिकवावे, तर दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. अशा वेळी कोणीतरी विजेच्या सुईचे नाव काढतो. आमच्या मेहुण्यांच्या बाबतीतही ते निघाले.

माझे भांडण सुईशी नाही. चिनी वैद्यकाला नाके मुरडणे तर आपणा महाराष्ट्रीयांना शोभतच नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच, सेवेत असताना वारले. त्याच पथकातले डॉ. बसू पुढे चीनमधून ही सूचिविद्या शिकून आले आणि त्यांनी ती कलकत्त्यास रुजवली. माझे भांडण आहे ते सुईच्या जाहिरातीशी.

मेहुण्यांना जिथे नेले, तिथल्या पत्रकात ‘चीनमध्ये सिद्ध झालेला उपाय’ असे ठळक छापले होते. सिद्ध कोणावर झाला, ते छापले नव्हते. ते मी सांगतो : मुख्यतः उंदरांवर. फूच्यौ शहरातील पारंपरिक वैद्यकाच्या विद्यापीठातून असे पुष्कळ निबंध निघाले आहेत. उंदराच्या मेंदूची रक्तवाहिनी काही वेळ बंद करतात. मग त्याच्या माथ्यावरच्या ‘बाईहुई’ आणि कपाळावरच्या ‘शेनतिंग’ या बिंदूंत सुया टोचून मंद वीज सोडतात. (बाईहुई म्हणजे जवळजवळ आपली टाळू, नरकचतुर्दशीला आजी जिथे तेल थापते तीच.) नंतर त्याला गढूळ पाण्याच्या हौदात सोडतात. पाण्याखाली एक चौरंग लपवलेला असतो. तो कुठे आहे हे उंदराने पोहत शोधायचे आणि लक्षात ठेवायचे. ही परीक्षा रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ साली रूढ केली. सुई टोचलेले उंदीर चौरंग लवकर गाठतात, असे निबंध सांगतात. गाठोत बिचारे! पण तो उंदीर बहुधा तरुण, धडधाकट. आमचे मेहुणे अडुसष्ट वर्षांचे, मधुमेही आणि रक्तदाबाचे जुने आश्रयदाते.

माणसांवरही चाचण्या झाल्या आहेत, नाही असे नाही. परंतु १९९८ साली अँड्र्यू व्हिकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशोदेशीच्या सूचिचिकित्सेच्या चाचण्या गोळा केल्या, तेव्हा चीनमधून आलेली एकूण एक चाचणी अनुकूल निघाली. ज्या शाळेत कोणीच नापास होत नाही, तिथल्या प्रगतिपुस्तकावर आपण किती भरवसा ठेवतो? शिवाय, आणि हे फार महत्त्वाचे, अशा अनेक चाचण्यांत दोन्ही गटांना स्मरणाचा सराव दिलेला असतो. एका गटाला सुई त्याच्या जोडीला मिळते. आपल्याकडे येताना सुई आली, सराव वाटेत कुठेतरी गळाला.

तो आमच्या घरी घेतला माझ्या बहिणीने. माई रोज संध्याकाळी दुधाचा हिशेब मेहुण्यांकडून करवून घेई. सकाळी भाजीवाल्याकडे त्यांनाच पाठवी. तीन जिनसा, चिठ्ठी द्यायची नाही, आणि आपण दहा पावले मागून. पहिले काही दिवस एकच जिन्नस घरी येई आणि तीही भलतीच. माई पुन्हा पाठवी. चौथ्या महिन्यात तिन्ही येऊ लागल्या. तोवर सुईच्या वीस बैठका झाल्या होत्या. दिवाळीत पाहुणे म्हणाले, “सुई काय लागू पडली हो!” माईने त्यांच्या बशीत आणखी एक चकली वाढली.

झटक्यानंतरचे पहिले काही महिने मेंदू आपली मोडतोड आपणच थोडीबहुत सावरत असतो. मेहुण्यांच्या सुधारणेत त्याचा वाटा किती आणि माईचा किती, हे मला सांगता येणार नाही. सुईवाल्यालाही येणार नाही. पण पावती फाडतो तो.

निवाडा करायचा तर साधन आहे. टोचल्यासारखी वाटणारी, पण कातडीत न शिरता मुठीत मागे सरकणारी बोथट सुई १९९८ सालीच तयार झाली. ती आणि खरी सुई, सराव दोन्हीकडे सारखाच, आणि तपासणाऱ्याला कोणाला काय टोचले ते ठाऊक नाही : अशी चाचणी आपल्या मोठ्या इस्पितळांनी घ्यावी. सुई जिंकली तर मी स्वतः तिची जाहिरात करीन. तोवर ‘सिद्ध’ हा शब्द पत्रकातून काढा आणि पैसे घेण्यापूर्वी उंदरांची गोष्ट घरच्यांना सांगा.

आणि जिथून रुग्ण घरी जातो, त्या इस्पितळाने गोळ्यांच्या यादीखाली चार ओळी अधिक लिहाव्यात : स्मरणासाठी रोज काय करवून घ्यायचे, किती वेळ, आणि जमले नाही तर कोणाला विचारायचे. माईला त्या कोणी लिहून दिल्या नव्हत्या. भाजीची युक्ती तिची तिनेच काढली.