दालचिनीचं तेल : गुण मोठे, मात्रा थेंबाची

मसाल्याच्या डब्यातली दालचिनी आपल्या चांगल्या ओळखीची. पण अलीकडे तिचं तेलही छोट्या बाटल्यांतून घरोघरी येऊ लागलं आहे. प्रदर्शनांत, बचत गटांच्या स्टॉलवर, दुकानांत 'इसेन्शियल ऑइल' म्हणून ते मिळतं. या नावाचा अर्थ 'अत्यावश्यक' असा नाही, तर झाडाचा सुगंधी अर्क. खोबरेल तेलासारखं ते चोळायचं नसतं, हे पहिल्यांदा समजून घ्यायला हवं.

दालचिनी कोकणाला परकी नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' ही जात दिली. रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राच्या 'लाखी बागे'त नारळाच्या सावलीत जायफळाबरोबर दालचिनीही असते. साल आणि पानं दोन्ही वाफेवर ऊर्ध्वपातित करून तेल काढतात. पण ही दोन तेलं अगदी वेगळी. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड मुख्य. दालचिनीचा तो गोडसर तिखट वास त्याचाच. पानांच्या तेलात युजेनॉल जास्त, म्हणून त्याचा वास लवंगेकडे झुकतो. बाजारात जाड, खरखरीत सालीची 'कॅशिया'ही दालचिनी म्हणून खपते. तेव्हा बाटलीवर 'साल' की 'पान' आणि झाडाचं शास्त्रीय नाव लिहिलं आहे का, ते बघा. नुसतं 'सिनॅमन फ्रॅग्रन्स' लिहिलं असेल तर तो बहुधा कृत्रिम वास असतो.

उपयोग मात्र खरंच छान आहेत. पनवेलच्या पावसाळ्यात कपाटांना कुबट वास येतो. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकून तो छोट्या उघड्या वाटीत, कपड्यांना लागणार नाही असा ठेवा. ओट्याच्या कडेला मुंग्यांची रांग लागली, तर चमचाभर द्रव साबणात तीन-चार थेंब मिसळून मग पाणी घाला आणि त्याने पुसून घ्या. तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून आधी साबण. प्रयोगशाळेत या तेलाने जंतू आणि बुरशी रोखल्याचं दिसलं आहे. तैवानच्या संशोधकांनी २००४ मध्ये तिथल्या दालचिनीच्या पानांचं तेल डासांच्या अळ्या मारतं, असं दाखवलं. म्हणून साठलेलं पाणी ओतून द्यायचं सोडायचं, असं मात्र नाही हं!

माझी खरी काळजी वेगळीच आहे. महिला मंडळाच्या बैठकींत 'रोज दोन थेंब पोटात घेतले की साखर उतरते' असं सांगणाऱ्या बायका भेटतात. दालचिनीच्या पुडीवरच्या अभ्यासांचे निष्कर्षसुद्धा एकमुखी नाहीत. तेल तर तिच्याहून कितीतरी तीव्र. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून ते पिणं म्हणजे जिवाशी खेळ. आमच्या वस्तीतल्या एका काकूंनी दुखऱ्या गुडघ्यावर ते तसंच चोळलं, तर कातडीवर फोड आले. दाढदुखीतही हिरडी भाजते. सालीचं तेल घरच्या घरी अंगाला लावूच नये. पानांचं लावायचंच, तर दोन मोठे चमचे खोबरेल तेलात एक थेंब, आणि तेही आधी कोपराच्या आत लावून एक दिवस वाट पाहून. गरोदर बायका, लहान मुलं आणि घरातली मांजर यांच्यापासून दूरच बरं. चुकून अंगावर सांडलं तर खाद्यतेलाने पुसून मग साबणाने धुवा. मुलाने प्यायलं तर उलटी करवू नका. बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा.

बचत गटाच्या मैत्रिणींनाही एक सांगावंसं वाटतं. बाटलीवर 'पोटात घेऊ नये, मुलांपासून दूर ठेवा' ही ओळ मराठीत, ठळक छापा. त्याने गिऱ्हाईक घाबरून जात नाही, उलट विश्वासाने परत येतं. 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी, हा समज आपणच बायकांनी एकमेकींना सांगून दूर करायला हवा.