उरलंसुरलं कुणी खायचं?

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटानं तपासणी शिबिर घेतलं. नोंदवही माझ्याकडे आणि कंबर मोजायची टेपही माझ्याकडे. टेप लावली की प्रत्येक जण पोट आत ओढून घ्यायची आणि हसायची. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या आत हवी, असं नर्सताईंनी सांगून ठेवलं होतं. आकडे लिहिताना मी मनातल्या मनात एकेकीला नावं ठेवत होते, खोटं कशाला बोलू? शेवटी नर्सताईंनी टेप माझ्याच हातातून घेतली. ९४! उपाशीपोटी साखर ११८. "मधुमेह नाही अजून, पण उंबरठ्यावर उभ्या आहात," त्या म्हणाल्या.

माझी आई मधुमेहानंच गेली. शेवटची दोन वर्षं डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या गावी खेपा. त्यामुळे त्या रात्री झोप लागली नाही.

पण मी खाते तरी काय, असाच प्रश्न पडला. हॉटेल नाही, पिझ्झा-बर्गर नाही. दुसऱ्या दिवशी नुसतं लक्ष ठेवलं. सकाळी लेकाच्या डब्यासाठी केलेल्या पराठ्याचा तुकडा. सासूबाईंनी नको म्हटलेला लाडू. सगळ्यांचं झाल्यावर तीन वाजता माझं जेवण, त्यात मुलीनं टाकलेली अर्धी पोळी आणि पातेल्याच्या तळाचा वाटीभर भात. संध्याकाळी डब्यात परत आलेला पराठा. 'अन्न टाकू नये' हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. यातलं निम्मं मी खाणं म्हणून कधी मोजलंच नव्हतं. वर सहा कप चहा, दोन-दोन चमचे साखरेचा. म्हणजे बारा चमचे! जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसभराची साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा. ते झाले जेमतेम पाच चमचे.

आणि एक गोष्ट लक्षात आली. उरतं ते काय? भात, पोळी, गोडधोड. मटकीची उसळ कधी उरत नाही, पालेभाजी उरत नाही, अंडं तर नाहीच नाही. घरातली बाई शेवटी जेवते तेव्हा तिच्या वाट्याला रस्सा येतो, त्यातली उसळ नाही. म्हणून शिबिरात सगळ्यात जाड दिसणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीचं हिमोग्लोबिन आठ निघालं, तेव्हा नर्सताईंना काहीच नवल वाटलं नाही. आपण मात्र तिला 'खात्यापित्या घरची' म्हणतो! २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के बायकांचं वजन जास्त निघालं आणि ५७ टक्के बायकांना रक्तक्षय. वजन जास्त म्हणजे पोषण चांगलं, हे डोक्यातून काढायलाच हवं.

उपवासाचं तर बोलायलाच नको. सोमवार, चतुर्थी, एकादशी, आणि प्रत्येक वेळी दाण्याच्या कुटाची, तुपात न्हालेली साबुदाण्याची खिचडी. देवाला हे वजन नक्कीच मागायचं नसावं.

मग मी घरात दोन गोष्टी केल्या. सकाळी प्रत्येकाला पोळ्या विचारून तेवढीच कणीक भिजवायची. आणि उसळ-भाजी झाली की आधी माझी वाटी बाजूला काढून ठेवायची. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "घरातल्या बाईनं आधी स्वतःचं काढायचं होय गं?" मला वाईट वाटलं. पण त्यांचे गुडघे बघते ना मी. पासष्टीला जिना उतरता येत नाही, आणि त्यांनीही जन्मभर तळाचाच भात खाल्लाय. हे मी त्यांना बोलले. त्या गप्प बसल्या. आता रात्री आम्ही सगळे एकदमच पानावर बसतो, ते मात्र त्यांनीच सुरू केलं.

मुलांचं अवघड आहे. लेकाला पाच रुपयांची चटकदार पाकिटं लागतात, ती अजून पूर्ण सुटलेली नाहीत. लेक दहावीत. ती 'मोठी' झाली तेव्हा तिचं मैदानावरचं खेळणं आम्हीच बंद केलं, क्लासला स्कूटरवर सोडायला लागलो, आणि आता तीच आत्या-मामी तिला 'जाडी' म्हणतात. या वयाच्या मुलांना रोज तासभर अंग हलवायला हवं. तिची सायकल दुरुस्त करून आणली. कारण टोमण्यानं वजन उतरत नाही, पोरगी फक्त चोरून खायला शिकते.

माझं चालणं रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. छोट्या गावात बाई कामाशिवाय रस्त्यानं चालली की चारजणी विचारतात, "कुठं निघालीस?" म्हणून पहिले पंधरा दिवस मी हातात रिकामी पिशवी घेऊन चालले, बाजारात निघाल्यासारखी. मग शेजारच्या दोघी सोबत यायला लागल्या. त्यांच्याही हातात पिशव्या!

पुढच्या महिन्यात पुन्हा शिबिर आहे. या वेळी पुरुषांनाही टेप लावायची ठरलंय, त्यांची मर्यादा ९० सेंटिमीटर. आमच्या ह्यांनी आत्तापासूनच शर्ट बाहेर सोडायला सुरुवात केलीय.