वाघापलीकडचा मेळघाट
नागपूरकराचं जंगल म्हणजे पेंच नाहीतर ताडोबा, आणि जंगल पाहणं म्हणजे जिप्सीत उभं राहून वाघाची वाट बघणं. मेळघाटात तो जातो तो चिखलदऱ्यापुरता: पंचबोल पॉइंटला चार हाका मारायच्या, कॉफी प्यायची, की परत! खाली सातपुड्याच्या त्या खोल दऱ्यांत सागाच्या निष्पर्ण फांदीवर रानपिंगळा भरदिवसा शेपटी झटकत बसलेला असतो. १८८४ नंतर नामशेष समजलं गेलेलं हे छोटं घुबड १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलं, पुढे मेळघाटातही. वाघ इथंही आहेत, पण या चढउतारांत सहसा दिसत नाहीत. बरंच आहे म्हणा, त्यामुळे बाकीच्या जंगलाकडे लक्ष जातं. मात्र व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात मनाला येईल तसं पायी फिरता येत नाही. तेव्हा परवानगीच्या वाटेनं, इथला कोरकू आदिवासी वाटाड्या घेऊन जा, आणि दुर्बीण विसरू नका.